काचबिंदूवरील थेंब आणि डोळ्यांचा दाह : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

काचबिंदू हा बहुतेक रुग्णांच्या बाबतीत मूकपणे वाढणारा विकार आहे. डोळ्यातील द्रवाचा निचरा नीट होत नाही, आतील दाब वाढतो आणि दृष्टिमज्जातंतू हळूहळू सुकत जातो. आधी बाजूचे दिसणे कमी होते. समोरचे बराच काळ स्वच्छ दिसत राहते. त्यामुळे आपले काही हरवत आहे याची जाणीव रुग्णाला होत नाही. गेलेली दृष्टी परत आणता येत नाही, उरलेली मात्र राखता येते. ती राखण्याचा सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे दररोज, ठरलेल्या वेळी, बहुधा आयुष्यभर डोळ्यांत घालावयाचे औषधी थेंब.

या थेंबांचे एक वैशिष्ट्य असे की, रोग जाणवत नसला तरी औषध जाणवते. जळजळ, लाली, खाज, पापण्यांची सूज, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटणे या तक्रारी थेंब सुरू केल्यानंतर उद्भवतात आणि काही रुग्णांत त्या इतक्या वाढतात की, औषध हेच दुखणे वाटू लागते. वैद्यकीय ग्रंथांत या तक्रारींना ‘दुष्परिणाम’ या सदराखाली दोन-चार ओळींची जागा मिळते. तथापि काचबिंदूवरील औषधांचा गेल्या सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला असता असे दिसून येते की, दाह हा या इतिहासातील किरकोळ तपशील नाही. कोणते औषध स्वीकारले गेले, कोणते मागे पडले आणि कोणत्या रुग्णाची दृष्टी टिकली, हे ठरविण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) काचबिंदूवरील थेंबांच्या विकासाचा त्यांच्यामुळे होणाऱ्या दाहाच्या अंगाने आढावा घेणे, (२) या इतिहासाशी मुंबई व रायगड किनाऱ्याचा असलेला संबंध स्पष्ट करणे, आणि (३) किनारपट्टीवरील जीवनपद्धतीत या दाहाला कोणता विशेष अर्थ प्राप्त होतो, याचे विवेचन करणे.

किनारा आणि अंतर

आजचा रायगड जिल्हा हा पूर्वीचा कुलाबा जिल्हा होय. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४० मध्ये इंग्रजांनी खालसा केले आणि १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. दक्षिणेकडील मुरूड, श्रीवर्धन, म्हसळे हा भाग जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांकडे १९४८ पर्यंत राहिला. पुढे १९८१ मध्ये जिल्ह्याला रायगड हे नाव देण्यात आले. किनाऱ्यावर कोळी समाजाची मासेमारी, उरण-पेण परिसरातील मिठागरे, अलिबाग ते श्रीवर्धन पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या आणि खाजण जमिनीतील भातशेती ही उपजीविकेची जुनी साधने आहेत.

या सर्व व्यवसायांत डोळ्यांवर ताण पडतो. समुद्रावरून आणि मिठाच्या राशींवरून परावर्तित होणारे ऊन, खारा वारा, वाळत घातलेल्या मासळीवरील धूळ आणि चुलीचा धूर यांमुळे डोळे लाल होणे ही येथे नवलाची गोष्ट नाही. उन्हात आयुष्य घालविणाऱ्यांच्या डोळ्यांत पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारा मांसल पडदा, म्हणजे टेरिजियम, वाढतो हेही सर्वज्ञात आहे. पावसाळ्यात डोळे येण्याच्या साथी पसरतात. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर अशी मोठी साथ आली होती. अशा प्रदेशात ‘लाल डोळा’ हे लक्षण अनेक कारणांच्या गर्दीत हरवून जाते.

दुसरा मुद्दा अंतराचा आहे. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या आवारात कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून नेत्ररुग्णालय उभे राहिले. मांडवा किंवा रेवसच्या धक्क्यावरून मुंबई जवळ दिसते. परंतु मध्ये समुद्र आहे. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली आणि सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले, ही घटना हे अंतर काय होते याची साक्ष देते. गेटवे ते मांडवा ही प्रवासी बोटसेवा पावसाळ्यात बंद ठेवण्याची प्रथा होती. जमिनीवरून पेणमार्गे जाण्यास वळसा पडतो. एकदा औषध लिहून घेतलेला रुग्ण तक्रार सांगण्यासाठी पुन्हा तज्ज्ञाकडे केव्हा जाऊ शकेल, हे पुष्कळदा समुद्र, ऋतू आणि बुडणारी मजुरी ठरवीत असे. दीर्घकाळ चालणाऱ्या औषधाच्या इतिहासात ही बाब दुर्लक्षिता येत नाही.

अभिष्यंद आणि अधिमंथ

लालीचा आणि दृष्टिनाशाचा संबंध भारतीय वैद्यकाला अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘अभिष्यंद’ या नेत्ररोगाचे वर्णन आहे. डोळे लाल होणे, स्राव येणे, टोचणे ही त्याची लक्षणे पाहता तो आजच्या ‘डोळे येणे’ या विकाराशी मिळताजुळता दिसतो. बहुतेक नेत्ररोगांचे मूळ अभिष्यंदात आहे आणि त्याच्यावर उपचार न केल्यास त्यातून ‘अधिमंथ’ उद्भवतो, असे सुश्रुताचे प्रतिपादन आहे. अधिमंथात डोळा घुसळला जात असल्यासारखी आणि अर्धे डोके फुटत असल्यासारखी वेदना होते. दृष्टी किती दिवसांत नष्ट होते याचीही गणना तेथे दिली आहे : कफज प्रकारात सात रात्री, वातज प्रकारात सहा, रक्तज प्रकारात पाच आणि पित्तज प्रकारात अयोग्य आचरण घडल्यास तत्काळ.

अनेक अभ्यासक अधिमंथाची तुलना अचानक दाब वाढून होणाऱ्या तीव्र काचबिंदूशी करतात. प्राचीन संज्ञा आणि आधुनिक निदान यांचे तंतोतंत समीकरण मांडणे योग्य नव्हे. तरीही एक गोष्ट लक्षणीय आहे. सुश्रुताच्या मांडणीत क्रम असा आहे की, आधी दाह आणि मग दृष्टीवरील संकट. आधुनिक थेंबांच्या इतिहासात हा क्रम उलटा झालेला दिसतो. आधी दृष्टीवरील संकट, त्यावर उपाय म्हणून औषध आणि औषधातून दाह.

कॅलबारचे बी आणि जाबोरांडीची पाने

हर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये नेत्रांतर्दर्शक तयार केल्यानंतर जिवंत माणसाच्या डोळ्याचा मागील भाग प्रथमच नीट पाहता येऊ लागला. आल्ब्रेख्ट फोन ग्रेफे यांनी १८५७ मध्ये बुबुळामागील रंगीत पडद्याचा तुकडा कापून काचबिंदूवर उपचार करण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तेव्हापासून हा रोग शस्त्रक्रियेचा विषय झाला. थेंबांचे युग आणखी वीस वर्षांनी अवतरले.

त्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेतील कॅलबार प्रदेशात होते. तेथे आरोपीला एक विषारी बी खाऊ घालून त्याचा दोष ठरविला जाई. एडिंबरो येथील टॉमस फ्रेझर यांनी १८६० च्या दशकाच्या आरंभी या बियांच्या अर्काने डोळ्याची बाहुली आकुंचन पावते असे दाखविले. या बियांतील इसेरीन अर्थात फायसोस्टिग्मीन हे द्रव्य स्ट्रासबर्ग येथील लुडविग लाकर यांनी १८७६ मध्ये काचबिंदूवर वापरले. लाकर स्वतः काचबिंदूचे रुग्ण होते. ते वर्षानुवर्षे स्वतःच्या डोळ्यांत हे थेंब घालीत आणि अखेर १८८० मध्ये त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. काचबिंदूवरील थेंबांच्या पहिल्या पुरस्कर्त्याला थेंबांचे गुणदोष अंगानेच कळले होते, असे म्हणता येईल.

इसेरीनचा दोष लवकरच लक्षात आला. प्रकाश व हवा लागली की त्याचा द्राव लालसर होई आणि तो डोळ्याला झोंबे. दीर्घ वापराने पापण्यांच्या आतील आवरणावर बारीक पुटकुळ्या उठत. याच सुमारास ब्राझीलमधील जाबोरांडी या वनस्पतीच्या पानांतून १८७५ मध्ये पायलोकार्पिन वेगळे करण्यात आले आणि जर्मनीतील आडोल्फ वेबर यांनी ते काचबिंदूवर वापरले. पायलोकार्पिनने इसेरीनला मागे टाकले याचे प्रमुख कारण ते अधिक सौम्य होते हे होय. म्हणजेच पहिल्या औषधाची जागा दुसऱ्याने घेतली ती दाब अधिक उतरतो म्हणून नव्हे, तर दाह कमी होतो म्हणून.

पायलोकार्पिन सुमारे शंभर वर्षे टिकले. त्याचेही कष्ट होते. ते दिवसातून चार वेळा घालावे लागे, कपाळ ठणके आणि बाहुली बारीक झाल्याने अंधुक प्रकाशात दिसणे कमी होई. पहाटे अंधारात होडी लोटणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा अखेरचा दोष किती अडचणीचा होता, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. अनेक वर्षांच्या वापरानंतर काही रुग्णांत डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील आवरण आखडून त्यावर व्रणासारख्या चिरा पडत. या काळात भारतातूनही शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात मोलाची भर पडली. मद्रासच्या शासकीय नेत्ररुग्णालयातील रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९०९ मध्ये डोळ्याच्या कडेला सूक्ष्म छिद्र पाडून द्रवाला वाट करून देण्याची पद्धत सुरू केली आणि ती जगभर वापरली गेली.

एका गोळीने शिकविलेला धडा

१९६७ मध्ये असे आढळले की, हृदयविकारावरील प्रोप्रॅनोलॉल या औषधाने डोळ्यातील दाबही उतरतो. परंतु त्याचे थेंब घातले तर डोळा बधिर होई. बधिर डोळ्याला कचरा गेल्याचेही कळत नाही, म्हणून ते निरुपयोगी ठरले. त्याच कुळातील प्रॅक्टोलॉल हे औषध ब्रिटनमध्ये १९७० मध्ये गोळ्यांच्या रूपाने विक्रीस आले. काही वर्षांतच ते घेणाऱ्यांच्या डोळ्यांत तीव्र कोरडेपणा आणि आवरणावर व्रण दिसू लागले. काहींची दृष्टी गेली. १९७५ च्या सुमारास हे औषध सर्वसाधारण वापरातून मागे घेण्यात आले.

डोळ्यांच्या साध्या वाटणाऱ्या लालीकडे आणि कोरडेपणाकडे दुर्लक्ष केल्यास काय घडते, याचे हे गंभीर उदाहरण होय. म्हणूनच त्याच कुळातील टिमोलॉलचे थेंब जेव्हा पुढे आले, तेव्हा त्यांच्याकडे बारकाईने पाहिले गेले. अमेरिकेत १९७८ मध्ये टिमोलॉलला मान्यता मिळाली. दिवसातून दोनच वेळा घालावे लागणारे, बाहुली बारीक न करणारे आणि तुलनेने कमी लाली आणणारे हे औषध पुढे जगभर रूढ झाले. दम्याच्या रुग्णांना मात्र ते धोक्याचे ठरते, कारण थेंब अश्रुमार्गाने नाकात उतरून रक्तात मिसळतो. त्याच कुळातील मेटिप्रानोलॉलमुळे ब्रिटनमध्ये १९९० च्या सुमारास डोळ्याच्या आतील रंगीत पडद्याचा दाह झाल्याचे आढळले आणि तेथे ते औषध काढून घेण्यात आले. औषधांचे कूळ एक असले तरी त्यातील प्रत्येकाचा डोळ्याशी होणारा व्यवहार वेगळा असतो, हे यावरून स्पष्ट होते.

दाहाच्या द्रव्यातून औषध

या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रकरण प्रोस्टाग्लँडिनचे आहे. १९५० च्या दशकात सशाच्या डोळ्यातील रंगीत पडद्यातून एक द्रव्य वेगळे करण्यात आले. ते डोळ्याला इजा झाल्यावर स्रवते आणि दाह निर्माण करते असे दिसले. पुढे ते प्रोस्टाग्लँडिन वर्गातील असल्याचे सिद्ध झाले. अशा द्रव्यापासून औषध होईल ही कल्पनाच अनेकांना विपरीत वाटली. तथापि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील लास्लो बिटो आणि त्यांचे सहकारी यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की, मोठ्या मात्रेत दाब वाढविणारे हेच द्रव्य अल्प मात्रेत दाब उतरविते.

पुढचा प्रश्न लालीचा होता. मूळ रेणू दाब उतरवीत असे, पण डोळे लालबुंद करीत असे आणि झोंबत असे. स्वीडनमधील उप्साला येथील योहान शेर्नशांत्स यांच्या गटाने रेणूच्या शेपटाकडील भागात बदल करून दाब उतरविण्याचा गुण राखला आणि चुरचुर व लाली पुष्कळ कमी केली. त्यातून लॅटॅनोप्रोस्ट तयार झाले आणि १९९६ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. दिवसातून एकदा, रात्री घालावयाचा हा थेंब अल्पावधीतच काचबिंदूवरील पहिल्या पसंतीचे औषध झाला. बायमॅटोप्रोस्ट व ट्रॅव्होप्रोस्ट ही भावंडे २००१ मध्ये आली. त्यांपैकी बायमॅटोप्रोस्टने येणारी लाली लॅटॅनोप्रोस्टपेक्षा अधिक असते. थोडक्यात, दाहाच्या द्रव्यातून दाह वजा करण्याची ही खटपट होती आणि ती पूर्णांशाने यशस्वी झाली नाही.

१९९६ मध्येच मान्यता मिळालेल्या ब्रिमोनिडिनचा स्वभाव आणखी निराळा आहे. आरंभी ते रक्तवाहिन्या आकसवून डोळा पांढरा करते. परंतु काही महिन्यांनी अनेक रुग्णांत ॲलर्जी उद्भवून पापण्या सुजतात, खाजतात आणि डोळा लाल होतो. काही रुग्णांत डोळ्याच्या आतही दाह होतो. कित्येक महिने निर्धोक चाललेल्या औषधानेच त्रास झाला, हे रुग्णाच्या लक्षात येणे कठीण असते. अशा वेळी तो वाऱ्याला, उन्हाला किंवा साथीला दोष देतो. २०१४ मध्ये जपानमध्ये मान्यता मिळालेले रिपासुडिल आणि २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले नेटारसुडिल या अगदी अलीकडच्या औषधांतही लाली हीच सर्वाधिक आढळणारी तक्रार आहे.

घारापुरी, फोर्सकोल आणि मुलुंड

या जागतिक इतिहासाचा एक धागा मुंबई बंदराच्या दोन्ही काठांना स्पर्श करून जातो. डेन्मार्कच्या राजाने १७६१ मध्ये अरबस्तानात एक अभ्यासमोहीम पाठविली. तिच्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ पेहर फोर्सकोल हे लिनिअस यांचे शिष्य. ते जुलै १७६३ मध्ये येमेनमध्ये आजाराने मरण पावले. त्यांचे सहप्रवासी कार्स्टेन नीबूर त्याच वर्षी मुंबईस पोहोचले आणि येथील मुक्कामात त्यांनी आज रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात असलेल्या घारापुरी बेटावरील लेण्यांची मोजमापे व रेखाटने केली. मोहिमेतील एकटे नीबूर जिवंत परतले. फोर्सकोल यांच्या स्मरणार्थ पुढे एका सुगंधी वनस्पतीला ‘फोर्स्कोली’ हे नाव मिळाले. कोलियस फोर्स्कोली ही ती वनस्पती. गुजरातेत तिच्या मुळ्यांचे ‘गरमर’ नावाने लोणचे घालतात.

याच वनस्पतीच्या मुळांतून मुंबईतील मुलुंड येथील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात सुजाता भट, नोएल डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवे द्रव्य वेगळे करून १९७७ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. तेच फोर्स्कोलिन होय. पेशींतील एका महत्त्वाच्या विकराला ते थेट चेतविते असे १९८१ मध्ये दिसून आले आणि १९८३ मध्ये अमेरिकेतील कॅप्रिओली व सिअर्स यांनी ससे, माकडे व माणूस यांच्या डोळ्यांतील दाब त्याने उतरतो असे नोंदविले. भारतीय भूमीतील मुळापासून काचबिंदूवर औषध मिळण्याची ही मोठी आशा होती.

तथापि या आशेच्या वाटेतही लाली उभी राहिली. फोर्स्कोलिन रक्तवाहिन्या रुंदावते. त्यामुळे थेंब घातल्यावर डोळे लाल होत व चुरचुरत. शिवाय ते पाण्यात सहज विरघळत नाही आणि माणसांवरील पुढील प्रयोगांत त्याचा परिणाम सारखा आढळला नाही. २००६ मध्ये बंगळुरूच्या सामी लॅब्ज या कंपनीच्या एक टक्का फोर्स्कोलिन असलेल्या थेंबांना भारतात मान्यता मिळाली. परंतु नित्याच्या उपचारांत टिमोलॉल किंवा लॅटॅनोप्रोस्ट यांच्यासारखे स्थान त्याला मिळाले नाही. मुलुंडच्या प्रयोगशाळेचे हे द्रव्य जगभर पेशीविज्ञानातील अत्यंत उपयुक्त साधन म्हणून गाजले, काचबिंदूवरील औषध म्हणून नव्हे.

बाटलीतील दुसरे द्रव्य

डोळ्यांच्या दाहाचे कारण नेहमी मूळ औषधच असते असे नाही. एका बाटलीतून महिनाभर थेंब काढावयाचे असल्यास त्यात जंतू वाढू नयेत म्हणून परिरक्षक घालावे लागते. त्यांतील सर्वांत प्रचलित म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराइड. त्याचा जंतुनाशक गुण जर्मन शास्त्रज्ञ गेऱ्हार्ट डोमाक यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. हे द्रव्य साबणाप्रमाणे जंतूंचे आवरण फोडते. परंतु डोळ्यावरील अश्रूंचा तेलकट थरही ते मोडते आणि पृष्ठभागावरील पेशींना इजा करते. पंधरा दिवसांच्या औषधात हे सहन होते. वीस वर्षांच्या औषधात होतेच असे नाही.

हा विचार १९९० च्या दशकात विशेषतः फ्रान्समधील क्रिस्तोफ बोदुएँ यांच्या संशोधनामुळे पुढे आला. फ्रान्समध्ये ४,१०७ रुग्णांची पाहणी करून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परिरक्षकयुक्त थेंब वापरणाऱ्यांपैकी ४३ टक्के रुग्णांनी थेंब घालताना वेदना वा त्रास होत असल्याचे सांगितले; परिरक्षकविरहित थेंब वापरणाऱ्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. दीर्घकाळ अनेक थेंब वापरलेल्या डोळ्यांवर पुढे काचबिंदूची शस्त्रक्रिया केल्यास ती अपयशी होण्याची शक्यता वाढते, हेही १९९४ मध्ये दाखविण्यात आले होते. म्हणजे दाह हा केवळ सोसण्याचा प्रश्न नसून तो पुढील उपचाराची वाटही अरुंद करतो. परिरक्षकविरहित टॅफ्लुप्रोस्ट २००८ मध्ये युरोपात आले. एकेका मात्रेच्या छोट्या कुप्यांतील अशी औषधे महाग पडतात, ही मात्र त्यांची मर्यादा आहे.

भारतात १९७० च्या पेटंट कायद्यामुळे परदेशी औषधे वेगळ्या प्रक्रियेने तयार करणे शक्य झाले आणि थेंबांच्या किमती आवाक्यात आल्या. मात्र औषध गावात मिळणे आणि ते योग्य स्थितीत राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॅटॅनोप्रोस्टची न उघडलेली बाटली साधारणतः २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग परिसरातील अनेक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. थंड जागेत ठेवावयाच्या औषधांच्या दृष्टीने अशा काळाचा अर्थ काय होतो, याचा विचार किनारपट्टीच्या आरोग्यव्यवस्थेने करणे आवश्यक आहे.

लालीवरचा उपाय आणि नवे संकट

डोळा लाल झाला की घरगुती उपाय म्हणून गुलाबपाणी किंवा मध घालण्याची प्रथा जुनी आहे. परंतु त्याहून अधिक धोक्याचा उपाय औषधांच्या दुकानातून येतो. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन यांसारखे स्टेरॉइडयुक्त थेंब लाली झपाट्याने उतरवितात. कायद्याने ते डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत. प्रत्यक्षात एकदा मिळालेली बाटली पुन्हापुन्हा आणली जाते, शेजारी-पाजारीही दिली जाते. स्टेरॉइडच्या दीर्घ वापराने काही व्यक्तींच्या डोळ्यांतील दाब वाढतो, हे १९५० आणि १९६० च्या दशकांतील संशोधनाने सिद्ध झालेले आहे.

येथे एक दुष्टचक्र पूर्ण होते. दाब उतरविणाऱ्या थेंबाने लाली येते. लाली घालविणाऱ्या थेंबाने दाब वाढतो. पहिल्या थेंबाचा त्रास दिसतो, दुसऱ्याचा दिसत नाही. म्हणून सामान्य माणूस पहिला बंद करतो आणि दुसरा सुरू ठेवतो. डोळा पांढरा होतो, घरच्यांना बरे वाटते आणि आतमध्ये दृष्टिमज्जातंतू सुकत राहतो. ज्या किनाऱ्यावर लालीची अनेक कारणे आधीच अस्तित्वात आहेत, तेथे ही चूक होण्याची शक्यता अधिक आहे. भारतातील निरनिराळ्या भागांत झालेल्या पाहण्यांत काचबिंदू असलेल्या बहुसंख्य व्यक्तींचे निदानच झालेले नव्हते असे आढळले आहे. ज्यांचे निदान झाले, त्या थोड्यांनीही औषध सोडून द्यावे ही अधिक खेदाची बाब म्हणावी लागेल.

नोंदींचा प्रश्न

औषधामुळे झालेला त्रास कोठे तरी लिहून ठेवला जातो, तेव्हाच त्याचा इतिहास होतो. प्रॅक्टोलॉलचा धोका लक्षात आला, कारण डॉक्टरांनी एकेका रुग्णाची नोंद केली आणि ती एकत्र पाहिली गेली. भारत १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या औषध-दुष्परिणाम नोंदणी कार्यक्रमात सहभागी झाला, तेव्हा नेमलेल्या मोजक्या केंद्रांत मुंबईच्या केईएम रुग्णालयाचा समावेश होता. २०१० मध्ये देशव्यापी औषध-दक्षता कार्यक्रम सुरू झाला. त्यानुसार डॉक्टरच नव्हे, तर परिचारिका, औषधविक्रेते आणि स्वतः रुग्णही दुष्परिणामाची नोंद करू शकतात.

मात्र डोळ्यांची लाली ही नोंदवण्याजोगी गोष्ट आहे असे फारसे कोणाला वाटत नाही. ती मृत्यू घडवीत नाही, रुग्णालयात दाखल करावयास लावीत नाही. तिचा परिणाम एका टप्प्याने पुढे, औषध सुटल्यानंतर, कित्येक वर्षांनी दिसतो आणि तेव्हा कारण विस्मृतीत गेलेले असते. अलिबाग येथे २०२१-२२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, पनवेल परिसरात नेत्ररुग्णालये उभी राहिली आणि जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावा शेवा सेतू खुला झाला. समुद्राचे अंतर कमी झाल्यामुळे किनाऱ्यावरील रुग्णांच्या अशा तक्रारी जिल्ह्यातच ऐकल्या व लिहिल्या जाण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली आहे.

निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. काचबिंदूवरील थेंबांचा विकास हा दाब उतरविण्याइतकाच दाह टाळण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे. इसेरीनकडून पायलोकार्पिनकडे, मूळ प्रोस्टाग्लँडिनकडून लॅटॅनोप्रोस्टकडे आणि परिरक्षकयुक्त बाटलीकडून एकमात्रा कुपीकडे झालेली वाटचाल हेच दर्शविते.

२. मुंबईतून जगाला मिळालेल्या फोर्स्कोलिनची काचबिंदूतील वाटचाल ज्या कारणांनी मर्यादित राहिली, त्यांत डोळ्यांची लाली हे एक होते.

३. रायगड किनाऱ्यासारख्या प्रदेशात थेंबांमुळे होणारा दाह ऊन, वारा, धूर व साथी यांच्या लालीत मिसळून जातो. त्यामुळे ‘थेंब केव्हापासून सुरू आहेत आणि लाली केव्हापासून आहे’ हा प्रश्न प्रत्येक रुग्णास विचारला जाणे अगत्याचे आहे.

४. लाली आल्यास थेंब मनाने बंद करणे आणि स्टेरॉइडचे थेंब मनाने सुरू करणे या दोन्ही गोष्टी दृष्टीस घातक आहेत. डॉक्टरांना औषध बदलता येते, परिरक्षकविरहित पर्याय देता येतो किंवा लेसरचा उपचार करता येतो. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आरंभीच लेसर उपचार घेतलेल्या ७४.२ टक्के रुग्णांना तीन वर्षांपर्यंत थेंबांची गरज पडली नाही. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडील कोपरा बोटाने दाबून धरणे, गालावर ओघळलेले औषध पुसणे आणि दोन औषधांत किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवणे यांनीही त्रास कमी होतो.

न जाणवणाऱ्या रोगावर जाणवणारे औषध आयुष्यभर घ्यावयास सांगणे, ही वैद्यकाने रुग्णाकडे केलेली मोठी मागणी आहे. त्या बदल्यात त्याच्या लाल डोळ्याची तक्रार ऐकून घेणे आणि तिची नोंद करणे हे वैद्यकाचे किमान कर्तव्य ठरते. लाकर यांच्यापासून आजपर्यंतचा इतिहास असे सांगतो की, ज्या ज्या वेळी ही तक्रार ऐकली गेली, त्या त्या वेळी अधिक सुसह्य औषध निर्माण झाले. आणि जेथे ती ऐकली गेली नाही, तेथे थेंब सुटले व त्यांच्यामागोमाग दृष्टीही गेली.